मऊ गुडघ्यांचा जावई

"पावणं, पॅन्ट वर करा," दौलूमिस्त्री म्हणाले.

महिपतीने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भडंगाच्या ताटलीकडे पाहिलं. मुलगी बघायला गेल्यावर कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे मी त्याच्याकडून कोल्हापूर ते रुकडी मोटारसायकलवर घोकून घेतलं होतं. शेती किती, देणंघेणं काय, तंबाखू खातोस का, गावात आडनावाचे अजून कोण. पॅन्ट अभ्यासक्रमातच नव्हती.

"वर म्हंजे किती, मामा?"

"गुडघ्यापतोर. मी काय डॉक्टर न्हाई."

आतल्या दाराच्या पडद्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

या घरात मुलीला 'चालून दाखव, लिहून दाखव' असं कुणी म्हटलं नव्हतं. ती अजून पडद्यामागेच होती आणि मुलगा मात्र सतरंजीवर उभा राहून इस्त्रीच्या पॅन्टची घडी मोडत होता. समाजसुधारणेचा हा टप्पा मी पुस्तकात वाचलेला नव्हता.

दौलू पोवार म्हणजे हातकणंगले तालुक्यातला फरशी बसवणारा सर्वांत नावाजलेला मिस्त्री. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी म्हातारी होईल, असं लोक सांगत. आम्ही पाहुणे खाली सतरंजीवर बसलो होतो आणि ते एकटे उंच खुर्चीवर. मला वाटलं, मानाची पद्धत असेल.

"त्वांड खोटं बोलतंय," मिस्त्री मला समजावून सांगू लागले, कारण मी बी.कॉम. असल्याचं त्यांना कळलं होतं. "हात बी खोटं बोलत्यात, तेल लावलं की झालं. फरशीवाल्याचं सर्टिफिकेट गुडघ्यावर आस्तंय. हे बघा."

त्यांनी धोतर सरकवलं. दोन्ही गुडघ्यांवर काळेकुट्ट, जाड घट्टे होते, जुन्या गुळाच्या ढेपेचे तुकडे चिकटवल्यासारखे. त्यांच्या लग्नाच्या वेळी सासऱ्याने त्यावर बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला होता म्हणे, आणि मग पुढचं बोलणं झालं होतं. आता तीच परीक्षा महिपतीची.

महिपतीने पॅन्ट वर केली.

मी त्याला शाळेपासून ओळखतो. माणूस काळासावळा, दणकट, हाताला चिरा पडलेल्या. पण गुडघे! एखाद्या सरदार घराण्यातल्या बाळाचे असावेत तसे गुळगुळीत. दौलूमिस्त्री खुर्चीतून वाकले, अंगठ्याने दाबून पाहिलं, दुसरा दाबला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दाबला.

"हे गुडघं ब्यांकेतल्या माणसाचं हाईत," ते म्हणाले.

"न्हाई मामा, मी फरशीच बसवतोय. मिसरूड फुटल्यापासनं."

"मग हे असं लोण्यावाणी कशापायी?"

महिपती खोटं बोलत नसे. हा त्याचा मोठा दुर्गुण होता. त्याने सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्यो इन्या शिवून देतोय त्ये बांधतो, मामा. गुडघ्याला."

तर आता माझं सांगायला हवं. उद्यमनगरात आमचं स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं. मी पदवी घेऊन गल्ल्यावर बसलो आणि बसल्या बसल्या मला डोकं चालवायची सवय लागली. एका परदेशी कॅटलॉगात मी गुडघे टेकून काम करणाऱ्यांसाठी केलेल्या गाद्यांची चित्रं पाहिली. आपल्याकडे फोम आहे, रेग्झिन आहे, पट्टे आहेत आणि गुडघे तर भरपूर आहेत. मी शिवायला घेतल्या. काळं रेग्झिन, कडेला पांढरी गोट, आत सीटचा फोम. वडील म्हणाले, "बी.कॉम. होऊन शेवटी माणसाला सीट कव्हर?" त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

सगळ्या कोल्हापुरात एकाही मिस्त्रीने त्या घेतल्या नाहीत. गुडघ्याला टोपडं घालतात का, हे क्रिकेटवाल्यांनी बांधायचं, आमचे गुडघे काय नाजूक आहेत का. घट्टे ही त्यांची इभ्रत होती आणि मी इभ्रतीवर फोम लावायला निघालो होतो. घेतल्या त्या एकट्या महिपतीने. त्याला इभ्रतीशी घेणंदेणं नव्हतं. तो पेठेच्या फुटबॉल संघात डावा बॅक खेळायचा आणि रविवारच्या मॅचसाठी त्याला गुडघे शाबूत हवे होते.

वडील नसलेल्या महिपतीबरोबर त्याच्या आईने मला धाडलं होतं ते 'शिकलेलं माणूस सोबत असावं' म्हणून. शिकलेल्या माणसाने पिशवीतून गाद्यांचा जोड काढून मिस्त्रींच्या हातात दिला. पिशवीत एक जोड कायम असायचाच.

मिस्त्रींनी तो उलटापालटा केला. "ही तर स्कूटरची सीट हाय."

"माल तोच आहे, मामा."

"मग गुडघ्यावर कोन बसनार?"

पडद्यामागे पुन्हा हसू फुटलं. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी गाद्या सतरंजीवर ठेवल्या आणि आत आवाज दिला, "अगं, भडंग आत न्हे."

आमच्या भागात याहून स्पष्ट नकार नाही. चहा झाला नव्हता, भडंगाला अजून कुणी हात लावला नव्हता, आणि ताटली परत चालली होती. महिपती पॅन्ट वर धरून तसाच उभा. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याने येताना रस्त्यात जे 'बघू, नुसतं जाऊन तर येऊ' चालवलं होतं, ते सगळं नाटक होतं. तिला त्याने आधी कुठेतरी पाहिलेलं होतं.

पडदा सरला आणि ताटली न्यायला ती आलीच. शालन. गावच्या अंगणवाडीत शिकवायची. पोरांना गप्प बसवायची सवय असलेला आवाज.

"आबा, गुडघं कशाला बघताय? काम बघा की. माजघर पडलंय तसंच."

हे खरं होतं. ज्या माणसाने तालुक्याच्या फरश्या बसवल्या त्याच्या बाहेरच्या सोप्यात दर कामावरून उरलेल्या फरश्या होत्या: दोन हिरव्या, चार ठिपक्यांच्या, एक कुठल्यातरी थिएटरच्या पायरीची. माजघराला तर नुसता सिमेंटचा कोबा. एकसारख्या पांढऱ्या फरश्या आणून भिंतीला लावून ठेवल्या होत्या, त्यावर घरातली मांजर झोपत होती.

मिस्त्रींनी दाढी खाजवली. कामाचं नाव निघालं की हा माणूस विरघळायचा.

"बसीवनार?"

"बसवतो, मामा."

"पन ते टोपडं न घालता. मिस्त्रीवाणी. येत्या रविवारी. फरशी हलली तर त्यो रस्ता रुकडी टेशनाकडं जातोय."

"रविवारी सेमीफायनल आहे," मी महिपतीच्या कानात सांगितलं.

"मॅच गेली खड्ड्यात," तो म्हणाला. तेव्हा मात्र मी घाबरलो. कोल्हापूरचा माणूस असं सहसा म्हणत नाही.

---

रविवारी सकाळी सिमेंट-वाळूचा माल कालवून तयार होता. महिपतीने पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, दोऱ्या ताणल्या. मिस्त्रींनी दारातच नियम सांगितला, जो सगळ्या तालुक्याला तोंडपाठ होता: बसवलेल्या ओल्या फरशीवर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. या नियमापायी त्यांनी एका सरपंचाला त्याच्याच घराच्या अंगणात जेवायला बसवलं होतं.

"पैली फरशी मी लावनार," ते म्हणाले. "घर माझं हाय."

ते भिंतीला धरून धरून पलीकडच्या कोपऱ्यात गेले, हळूहळू गुडघ्यावर बसले, पहिली फरशी लावली आणि रबरी हातोडीने टकटक केलं. सुरेख आवाज आला. त्यांनी उठायला हवं होतं. ते उठले नाहीत. "हितनं बघतो," म्हणाले.

महिपतीने काम सुरू केलं. मी, शालन आणि तिची आई गौराकाकू उंबऱ्याच्या अलीकडे. बघणाऱ्याला काही काम नसलं की त्याला सगळं नीट दिसतं. मला दिसत होतं की उघड्या गुडघ्यांनी महिपती अर्ध्या तासातच कळवळलाय. तो कधी डाव्यावर भार टाकी, कधी उजव्यावर. कोब्यावरची बारीक खडी त्याच्या त्या राजेशाही गुडघ्यांत घुसत होती. पण ओळ वाकडी जात नव्हती. दोरीला दोरी, फरशीला फरशी.

आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. महिपती पलीकडच्या भिंतीपासून मागे मागे दाराकडे येत होता, जसं यायला हवं तसं. पण कोपऱ्यात मिस्त्री बसलेले. ओळ त्यांच्यापाशी आली. महिपती थांबला. खाकरला.

होणाऱ्या सासऱ्याला 'सरका' कसं म्हणायचं?

"थांबलास का?" कोपऱ्यातून आवाज आला. "गुडघं दुखाय लागलं व्हय?"

महिपतीने मिस्त्रींची जागा सोडली आणि पलीकडून ओळ पुढे नेली. पुढची ओळही तशीच. मग त्यांच्या समोरून. मिस्त्री सूचना देत होते, माल जास्त झाला, दोरी बघ, कड दाब. जागचे मात्र हलत नव्हते. त्यांच्याभोवती पांढरी फरशी पाण्यासारखी चढत होती.

"तुझे आबा आत राहतायत," मी शालनला हळूच म्हटलं.

"गप बसा, दादा," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते अंगणवाडीच्या बाईंच्या डोळ्यांत नसतं, अंगणवाडीतल्या पोरांच्या डोळ्यांत असतं. गौराकाकूंनी पदर तोंडात धरला होता.

उन्हं दारात आली तेव्हा महिपतीने उंबऱ्यालगतची शेवटची फरशी ठोकली आणि तो उठला. उठताना त्याने चौकट धरली. मी त्याला कधी काही धरून उठताना पाहिलं नव्हतं.

"झालं?" कोपऱ्यातून प्रश्न.

"झालं, मामा. तुमच्या खालची तेवढी ऱ्हायलीय."

मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं. पाटाएवढ्या कोब्यावर ते गुडघे टेकून बसले होते आणि दारापर्यंत चारी बाजूंनी ओली, कोरी, पांढरीशुभ्र फरशी. असा सापडलेला हा तालुक्यातला पहिलाच मिस्त्री असावा.

"मग या की बाहीर," गौराकाकू म्हणाल्या.

"येतो. काम बघतोय."

त्यांनी काम बघितलं. मग भिंत बघितली. आढं बघितलं. पाल होती, तीही बघितली. आम्ही उभे.

"आबा, च्या गार व्हतोय," शालन म्हणाली.

"हुंदे."

शेवटी गौराकाकूच बोलल्या, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात. "उठवत न्हाई त्यास्नी. गुडघं आकडत्यात. रोज सकाळी मी काखंत हात घालून उठीवते, मग खुर्चीत बसत्यात. कामावर बी चौकट धरून उठत्यात. कुनाला सांगायचं न्हाई म्हनत्यात."

खुर्चीचा मान मला तेव्हा कळला.

महिपतीने चप्पल काढली आणि आत टाकायला एक पाय उचलला.

"खबरदार!" मिस्त्री असे ओरडले की मांजर अंगणात गेली. "वल्ल्या फरशीवर पाय टाकलास तर लगीन मोडलंच म्हनून समज!"

"आवो, मग तुमास्नी उठवायचं कुनी?"

"म्या हितंच ऱ्हातो. उंद्यापतोर सुकतीय."

हे ते मनापासून म्हणत होते. सरपंचाला लावलेला नियम स्वतःला लावताना त्यांचा आवाजही बदलला नाही. मी त्या माणसाचा त्या क्षणी फार आदर केला आणि त्याच वेळी मला हसूही आवरेना.

शालनने माझी पिशवी उघडली, गाद्यांचा जोड काढला आणि उंबऱ्यावर वाकून त्यातली एक जमिनीलगत सोडली. रेग्झिन खाली, पट्टे वर. सूंऽऽ करत ती गादी अख्खं माजघर ओलांडून गेली आणि आबांच्या मांडीला जाऊन हळूच टेकली. दुसरीही मागोमाग.

"बांधा," ती म्हणाली.

मिस्त्री गादीकडे बघतच नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

"परत टाक," ते म्हणाले.

"काय?"

"ती परत टाक." आणि त्यांनी स्वतःच गादी हाताने सरकवून दिली. ती आली तशी सरळ दारापर्यंत परत आली. शालनने पुन्हा ढकलली. त्यांनी तिरकी मारली, भिंतीला लागून ती उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात आली. "आरं तिच्या!" शालनने दुसऱ्या भिंतीच्या बाजूने टाकली. बाप-लेकीचा कॅरम रंगला. गौराकाकू आता पदर सोडून उघड हसत होत्या. महिपती दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आपण पास झालो की नापास, हे ज्याला अजून कुणी सांगितलेलं नाही अशा पोरासारखा.

सांध्यावर कुठेही एका फरशीची कड जरा वर राहिली असती, तर रेग्झिन तिथे अडलं असतं.

"कुठं अडाकलं न्हाई," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, जणू सगळ्या तालुक्याला ऐकू जावं असं, "कुठं अडाकलं न्हाई गा!"

मग त्यांनी गाद्या बांधल्या. महिपतीने मालाच्या लांब फळ्या आत सरकवल्या, म्हणजे भार एका फरशीवर यायला नको. त्याला मिस्त्रींनी मान डोलावली. आणि तालुक्यातला सर्वांत नावाजलेला मिस्त्री दोन्ही हात-गुडघ्यांवर फळीवरून रांगत रांगत आमच्याकडे येऊ लागला. अर्ध्या वाटेत तो थांबला. गुडघा उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा उचलून पुन्हा टेकवला.

"काय झालं, आबा?"

"दुखंना," ते म्हणाले. चेहऱ्यावर एखाद्याने खिसा कापून आत पैसे ठेवल्यासारखा संशय. उंबऱ्यापाशी येऊन त्यांनी चौकट धरली, दुसऱ्या हाताने महिपतीचा दंड, आणि उभे राहिले. उभे राहिल्यावर पहिलं मला झापलं.

"हे आदी कुठं हुतं?"

"आधी मी कॉलेजात होतो, मामा."

"मग लवकर नापास व्हायचं की लेका!"

मग ते महिपतीकडे वळले. त्याचे गुडघे सोलून लाल झाले होते. मिस्त्रींना ते बघून समाधान वाटावं, असं मला वाटलं होतं. त्यांना वाटलं नाही. त्यांनी खुर्ची घेतली, त्यात बसले, आणि म्हणाले, "पाठ फिरव."

महिपती फिरला. त्याच्या गुडघ्यांच्या मागच्या बाजूला, पोटरी सुरू होते तिथे, दोन्ही पायांवर आडवा पट्टा उमटलेला होता. फिकट, गुळगुळीत, केस झडलेला.

"हे काय?"

"पट्ट्याचा वळ, मामा. रोज बांधतोय न्हवं."

मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"म्हंजे घट्टा हाय," ते म्हणाले. "जागा बदाललीय निस्ती. अगं, भडंग आन!"

---

जाताना मी मोटारसायकल चालू करत होतो. महिपती आत तिसऱ्यांदा निरोप घेत होता. शालन डबा द्यायला बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "स्थळाचा निरोप तुमच्याकडून आला होता. मुलीकडून असा निरोप येत नाही सहसा."

"आईकडनं आला होता," ती म्हणाली. "आईला मी सांगितलं. आमच्या अंगणवाडीची फरशी ह्यांनीच केली की. संध्याकाळी सुट्टी झाली, तर सगळे मिस्त्री भिंती धरून, आई गं करत उठले. हे एकटे टुणकन उठले आणि पोरांच्या चेंडूला लाथ घालून गेले. कौलावर गेला चेंडू, अजून मिळाला न्हाई." ती थांबली. "आई रोज सकाळी काय करती ते मी लहानपणापास्नं बघतेय, दादा. तिला काय त्याचं वाटत न्हाई. मला मात्र ज्याला उठवायला लागत न्हाई असा नवरा पायजे होता."

मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की गुडघ्याला सीट कव्हर विकलं जाईल.

लग्न त्याच घरासमोर झालं. जावयाचे पाय धुवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, दौलूमिस्त्री खुर्ची मागवतील. ते मांडवात सगळ्यांदेखत खाली गुडघ्यांवर बसले. धोतर जरा वर सरकलं, आणि काळं रेग्झिन कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट साऱ्या मिस्त्रीवर्गाला दिसलं. फोटोत जावयाच्या पायांपेक्षा सासऱ्याचे गुडघेच ठसठशीत आलेत. जेवणाच्या पंगतीत माझ्या पानावर बुंदी वाढायला तीन वेगवेगळे मिस्त्री आले. तिघांनीही वाढता वाढता हळूच एकच गोष्ट विचारली. सीट कव्हरं शिवायचं आम्ही पुढे बंदच केलं.

गेल्या महिन्यात महिपतीच्या थोरलीला बघायला पाहुणे आले, तेही तिच्या आजोळी, रुकडीलाच. मुलगा फरशीवालाच. मला बोलावलं होतं, का ते माहीत नाही. शिकलेलं माणूस सोबत असावं म्हणून असेल. दौलूआबा आता पार थकलेत, कान गेलेत. पण माजघरातली त्यांची खुर्ची त्यांचीच आहे. खाली फरशी अजून दुधासारखी, कोपऱ्यातली एक तेवढी जराशी वेगळ्या छटेची. ती नंतर बसवलेली.

भडंग आलं. मुलाने शेती, भाऊ, तंबाखू सगळं व्यवस्थित सांगितलं. शालन पडद्यामागे नव्हती, समोरच बसली होती, आणि तिची मुलगी तिच्या शेजारी.

"पावणं," आबा म्हणाले, "पॅन्ट वर करा."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी भडंगाच्या ताटलीकडे पाहिलं. त्याने पॅन्ट वर केली. गुडघे लोण्यासारखे होते. आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता पाठ फिरवा."